आधी बोलणे, मग व्याकरण
जर्मन भाषेच्या पहिल्या वर्गाची शतकांची वाटचाल

मनोरच्या बाजारात तासभर उभे राहिले, तरी माणूस परकी भाषा कशी शिकतो याचा उलगडा होतो. डोंगरपट्टीतून आलेली वारली बाई रानभाजीची टोपली पुढ्यात मांडून बसलेली असते. गिऱ्हाईक गुजराती असले तर ती गुजरातीत भाव सांगते. महामार्गावरून उतरलेला ट्रकचालक असला तर हिंदीत घासाघीस करते. शेजारणीशी मात्र ती आपल्या वारलीतच हसते-बोलते. यांपैकी एकाही भाषेचे व्याकरण तिला कोणी शिकवलेले नाही. प्रारंभी ती चुकली असेल, लोक हसले असतील, तीही त्यांच्याबरोबर हसली असेल. आणि त्या हसण्यातच भाषा तिची झाली.

आज या बाजाराची आठवण काढण्याचे कारण वेगळेच आहे. २०२४ सालच्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्यासंबंधी करार केला. तेव्हापासून परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री होऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या तोंडी जर्मन भाषेचे नाव ऐकू येऊ लागले. पालघर-बोईसरच्या धर्मग्रामांतील कितीतरी आईवडील आता विचारतात, 'फादर, ही भाषा आमच्या मुलीला जमेल का?' त्या प्रश्नामागे कर्ज काढून भरलेली फी असते आणि एका कुटुंबाचा भविष्यकाळ असतो. म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही.

मला स्वतःला या प्रश्नाचे उत्तर उशिरा सापडले. सेमिनरीत असताना ईशज्ञानाचे ग्रंथ मुळातून वाचता यावेत, या हौसेने मी जर्मन शिकलो. तीन लिंगे, चार विभक्ती, सारे तक्ते मुखोद्गत केले. पुढे एका उन्हाळ्यात तिकडच्या एका धर्मग्रामात काही आठवडे सेवेसाठी गेलो. रेल्वे स्टेशनावर एका आजीबाईंनी मला काही विचारले. तक्ते सगळे आठवत होते. पण 'मला समजले नाही, कृपया पुन्हा सांगा' एवढे साधे वाक्य काही केल्या ओठांवर येईना. त्या दिवसापासून एक गोष्ट मनात घर करून राहिली. भाषा शिकवण्याचा जो क्रम आपण शास्त्रशुद्ध मानतो, तो उलटा तर नाही? इतिहासात डोकावले, तेव्हा दिसले की हा प्रश्न विचारणारा मी पहिला नव्हे. आणि ज्यांनी तो विचारला त्यांत आपल्या ख्रिस्तसभेची माणसे बरीच आहेत.

हुकमाची भाषा आणि सोबतीची भाषा

या वाटचालीचा पहिला टप्पा गोव्यात आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरले. साष्टीच्या गावांतून त्यांनी आयुष्य वेचले आणि १६१९ साली ते तेथेच निवर्तले. त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली प्रकाशात आले. भारतीय भाषेचे छापले गेलेले ते पहिले व्याकरण होय. आधी ओवी लोकांच्या कानी पडली, व्याकरण मागाहून आले. हा छपाईचा क्रम आहे, अभ्यासाचा नव्हे, हे मान्य. तरीही तो बोलका आहे. क्रिस्तपुराणाची मांडणीही संवादाची आहे. श्रोते मध्येच शंका काढतात आणि पाद्रीगुरू तिचे निरसन करतात. माणसांच्या मेळाव्यात बसल्यावाचून असा ग्रंथ लिहिता येत नाही.

१६०६ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने असा दंडक घातला, की स्थानिक भाषा येत नसेल अशा धर्मगुरूकडे धर्मग्राम सोपवू नये. परंतु पुढे, १६८४ साली, पोर्तुगीज व्हाइसरॉयने नेमका उलटा हुकूम काढला : लोकांनीच तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. पहिल्या नियमाने धर्मगुरू लोकांत जाऊन बसले, दुसऱ्याने लोकांवर भाषा लादू पाहिली. त्या हुकमाला तीन शतके उलटून गेली; साष्टीतल्या घरांत आजही कोकणी बोलली जाते. हुकमाने भाषा येत नाही आणि हुकमाने ती जातही नाही.

केंदळचे जर्मन

आता प्रत्यक्ष जर्मनांकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई-पुण्याचे मिशन येशूसंघीयांकडे आले आणि त्यांत जर्मन धर्मगुरूंचा भरणा होता. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय त्यांनीच १८६९ साली स्थापन केले. त्यांच्यातले काही मात्र अहमदनगर जिल्ह्यातल्या खेड्यांकडे वळले. राहुरीजवळचे केंदळ हे त्यांतले एक ठाणे. तेथे फादर हेन्री डोरिंग या जर्मन धर्मगुरूंनी १९०३ साली 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले. बोखोल्ट या गावी १८५९ साली जन्मलेला माणूस दुष्काळी मुलखातल्या गरीब श्रद्धावंतांसाठी मराठीत मासिक काढतो आणि त्याला 'निरोप्या' असे अस्सल बोलीतले नाव देतो! केवळ शब्दकोश चाळून हे नाव सुचत नाही. निरोप सांगणारा आणि तो ऐकणारा अशी दोन माणसे समोर असावी लागतात.

डोरिंग १९०७ साली पुण्याचे बिशप झाले. १९१४ साली महायुद्ध पेटले, तेव्हा जर्मन धर्मगुरू ब्रिटिश सरकारच्या लेखी शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. कित्येकांना स्थानबद्ध करण्यात आले, कित्येकांना मायदेशी धाडण्यात आले. बिशप डोरिंग यांना तर परत येण्याची वाटच बंद झाली. साठी ओलांडल्यावर, १९२१ साली, त्यांना जपानमधल्या हिरोशिमाची जबाबदारी देण्यात आली आणि १९२७ साली ते पुन्हा पुण्यास परतले. १९५१ साली त्यांचा अंत झाला. त्यांच्या 'निरोप्या'ने शंभरी केव्हाच ओलांडली आहे.

त्यांच्यानंतरही अशा जर्मनांची परंपरा खंडित झाली नाही. पुण्याच्या स्नेहसदनाचे संस्थापक फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी महाराष्ट्राच्या विचारधारांवर ग्रंथ लिहिला. हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या सोबत राहून त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि खंडोबा-बिरोबांच्या परंपरेचा अभ्यास जगापुढे ठेवला. जर्मन माणूस मराठी शिकला तो असा, माणसांत मिसळून.

आपण जर्मन शिकलो ते कसे?

मराठी माणूस जर्मन शिकला तो मात्र बहुधा पुस्तकातून. त्याला कारण आहे. मार्टिन हाउग, गेओर्ग ब्यूलर, फ्रान्झ कीलहॉर्न हे जर्मन पंडित एकोणिसाव्या शतकात पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत होते. संस्कृतविद्येचे, पुढे रसायनशास्त्राचेही, उत्तमोत्तम ग्रंथ जर्मन भाषेत होते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक विष्णु सीताराम सुखठणकर बर्लिनला शिकले; इरावती कर्वे १९२८ साली तेथेच गेल्या. प्रत्यक्ष तेथे जाणाऱ्यांना बोलावेच लागले. पण मागे राहिलेल्या शेकडो विद्यार्थ्यांसाठी जर्मन ही वाचण्याची भाषा होती. कोश उशाशी, ग्रंथ पुढ्यात, आणि ओठ मिटलेले.

यात एक गमतीचा योग आहे. जर्मन शिकवणाऱ्या ग्योटे संस्थेची भारतातली केंद्रे ज्यांच्या नावाने 'मॅक्स म्युलर भवन' म्हणून ओळखली जातात, ते ऋग्वेदाचे थोर संपादक आयुष्यात एकदाही भारतात आले नाहीत. त्यांनी भारत वाचला. भारताशी त्याच्या अंगणात बसून गप्पा मारण्याचा योग त्यांना लाभला नाही. विद्वत्तेसाठी वाचन पुरते. परंतु जिला रुग्णालयात एखाद्या आजारी म्हाताऱ्याच्या उशाशी उभे राहायचे आहे, तिचे काम तेवढ्याने भागणार नाही. तो कण्हत 'एस टूट वे' म्हणेल, म्हणजे 'दुखते आहे'. त्या क्षणी कोश उघडायला वेळ नसतो.

जर्मनीतलेच बंड

पुस्तकी पद्धतीविरुद्ध पहिला मोठा आवाज उठला तो जर्मनीतच. तिकडच्या शाळांत फ्रेंच आणि इंग्रजीसुद्धा लॅटिनसारख्या मृत भाषांप्रमाणे शिकवल्या जात : नियम पाठ करा, वाक्ये भाषांतरित करा, चूक झाली की गुण कापा. ही वाक्येही अशी, की 'माळ्याच्या भावाची टोपी राजाच्या घोड्यापेक्षा मोठी आहे' अशा थाटाची. जन्मात कोणी ती कोणाला म्हणणार नाही. १८८२ साली विल्हेल्म फिएटोर या अध्यापकाने एक पुस्तिका काढली. भाषाशिक्षणाने आता तोंड फिरवले पाहिजे, असे तिचे शीर्षकच सांगत होते. लेखकाने स्वतःचे नाव झाकून सिसेरोच्या भाषणातले पहिले दोन लॅटिन शब्द टोपणनाव म्हणून घेतले : 'कुठवर आता?' लॅटिनच्या जाचाविरुद्धची तक्रार लॅटिनमध्येच! बोली आधी, लेखन नंतर. वाक्य आधी, सुटा शब्द नंतर. व्याकरण उदाहरणांतून आपोआप उमगावे, हे त्या चळवळीचे सार होते.

त्याच सुमारास अमेरिकेत माक्सिमिलियान बर्लिट्झ यांची शाळा निघाली. ते मूळचे व्युर्टेम्बर्गचे, म्हणजे आज ज्या राज्याशी महाराष्ट्राने करार केला त्याच भूमीतले. १८७८ साली प्रॉव्हिडन्स शहरात त्यांनी फ्रेंच शिकवण्यासाठी एक साहाय्यक नेमला. त्याला इंग्रजीचा गंधही नव्हता. अशातच बर्लिट्झ आजारी पडले. काही आठवड्यांनी ते धास्तावून वर्गात आले, तर विद्यार्थी भाषांतरावाचून आनंदाने फ्रेंच बोलत होते, असे त्या शाळेविषयी सांगतात. या कथेत सांगणाऱ्यांची थोडी भर असेलही. पण तिच्यातून उभी राहिलेली थेट पद्धत जगभर पसरली हे खरे आहे.

मात्र थेट पद्धतीतही एक उणीव राहून गेली. प्रश्न गुरुजी विचारणार, उत्तर विद्यार्थी देणार. 'हे काय आहे?' 'हे पुस्तक आहे.' पुस्तक दोघांनाही दिसते आहे. मग विचारण्यासारखे काय उरले? खरे संभाषण तेव्हा घडते, जेव्हा विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसते आणि ते जाणून घेण्याची त्याला मनापासून इच्छा असते.

पाठीमागे उभा राहणारा गुरू

या उणिवेवर ज्यांनी बोट ठेवले ते एक कॅथलिक धर्मगुरू होते. फादर चार्ल्स करन हे मानसशास्त्राचे प्राध्यापक. शिकागोच्या लोयोला विद्यापीठात ते शिकवीत. दुःखी माणसाचे समुपदेशन करताना त्यांच्या ध्यानी आले, की परकी भाषा शिकायला आलेला प्रौढ माणूसही आतून भेदरलेला असतो. आपल्या भाषेत तो शहाणा असतो, नव्या भाषेत एकाएकी बाळ होतो. लोक हसतील या भीतीने त्याची जीभ टाळूला चिकटते. म्हणून करन यांनी भाषेच्या वर्गात समुपदेशनाची रीत आणली. १९६१ साली त्यांनी या विषयावर लेख प्रसिद्ध केला आणि १९७० च्या दशकात ग्रंथ लिहिले. ज्या भाषांवर त्यांनी हे प्रयोग केले, त्यांत जर्मनही होती.

रीत अगदी साधी होती. सहा ते बारा जण वर्तुळात बसत. पुस्तक नाही, ठरलेला पाठ नाही. शिक्षक वर्तुळाबाहेर, विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभा. ज्याला जे बोलावेसे वाटेल ते त्याने आपल्या भाषेत म्हणायचे. शिक्षक त्याच्या खांद्याशी वाकून तेच वाक्य हळूच जर्मनमध्ये सांगणार. मग विद्यार्थ्याने ते शिक्षकाला नव्हे, तर समोरच्या सोबत्याला ऐकवायचे. सोबती उत्तर देणार, तेही तसेच. विद्यार्थ्यांची वाक्ये टेपवर मुद्रित होत. शेवटी सर्वांनी ती टेप ऐकायची, वाक्ये फळ्यावर लिहायची, आणि मग, अगदी शेवटी, व्याकरण. करन या प्रवासाची तुलना बाळाच्या वाढीशी करीत. आरंभी ते सर्वस्वी आईवर अवलंबून, पुढे हळूहळू स्वतंत्र. शिक्षकाची गरज संपणे, हेच शिक्षकाचे यश.

या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले आणि ते खोटे नाहीत. शिक्षकाला दोन्ही भाषा उत्तम यायला हव्यात. अभ्यासक्रमाला ठरीव क्रम राहत नाही. परीक्षा तोंडावर असलेल्या मुलांना एवढा मोकळेपणा परवडत नाही. म्हणून ही पद्धत जशीच्या तशी फार ठिकाणी रुजली नाही. पण तिच्या मुळाशी असलेला विचार वाया गेला नाही. १९७० च्या दशकापासून युरोपातल्या भाषातज्ज्ञांनी 'विद्यार्थ्याला किती नियम येतात' याऐवजी 'त्याला भाषेतून काय करता येते' हे विचारायला प्रारंभ केला. ए-एक ते सी-दोन या सहा पातळ्या २००१ साली प्रसिद्ध झाल्या, त्या याच विचारातून. ग्योटे संस्थेच्या अगदी पहिल्या पातळीच्या परीक्षेत बोलण्याचा भाग गटाने घेतला जातो. जास्तीत जास्त चार जण एकत्र बसतात. स्वतःची ओळख करून देतात, चिठ्ठीवरच्या शब्दावरून एकमेकांना प्रश्न विचारतात, एकमेकांना विनंती करतात. म्हणजे घोळक्यात बोलणे ही वर्गातली करमणूक नव्हे. तो परीक्षेचाच एक विषय आहे. परिचारिका म्हणून तेथे मान्यता मिळवायची तर सामान्यतः बी-दोनपर्यंत मजल मारावी लागते. पायाच मुका राहिला, तर ती इमारत उभी कशी राहायची?

ओसरीवरचा एक प्रसंग

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओसरीवर दहा-बारा मुलेमुली जर्मनचा सराव करण्यास जमत. पहिले काही दिवस मी विचारी आणि ती गप्प. एके संध्याकाळी एक मुलगा धापा टाकत उशिरा आला आणि म्हणाला, 'फादर, बस चुकली हे जर्मनमध्ये कसं सांगायचं?' मला फादर करन आठवले. मी त्याच्या मागे जाऊन हळूच सांगितले, 'इश हाबे डेन बुस फेरपास्ट.' त्याने ते सोबत्यांना ऐकवले. एका मुलीला विचारायचे होते, 'कुठली बस?' तिला 'वेल्शेन बुस?' हे मिळाले. 'डेन बुस नाख पालघर.' तिसरीला हवे होते, 'मग पुढची बस कधी येते?' 'वान कोम्ट डेर नेखस्टे बुस?' आणि इथे चौथा एकदम म्हणाला, 'थांबा, आधी डेन बुस होतं, आता डेर बुस कसं झालं?'

सुज्ञ वाचकहो, कर्ता आणि कर्म यांच्या विभक्तीचा पाठ पुस्तकात कितीतरी पानांनंतर येतो आणि बहुतेकांच्या डोक्यावरून जातो. येथे तो प्रश्न मुलांनी आपण होऊन विचारला. मी एवढेच म्हणालो, 'मुलगा आला. पण मुलाला पाहिलं. मुलगाचा मुला झाला की नाही?' सगळ्यांचे चेहरे उजळले. व्याकरण त्या दिवशी उत्तर म्हणून आले, ओझे म्हणून नव्हे.

मराठी मुलांना तर जर्मन परकी वाटण्याचे कारणच थोडे. इंग्रजीला जे नाही ते आपल्यापाशी आहे. आपल्यासारखी तीन लिंगे तिकडेही आहेत. मुलीसाठीचा 'मेडशेन' हा त्यांचा शब्द नपुंसकलिंगी, जसे आपले 'पोर'. 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद 'डू' आणि 'झी' असा तिकडेही पाळतात. एकवीसला इंग्रज आधी वीस म्हणतो आणि मग एक. जर्मन माणूस आपल्यासारखाच 'एक आणि वीस' म्हणतो. 'कारण मी आजारी आहे' या वाक्यात 'आहे' शेवटी. 'वाइल इश क्रांक बिन' यातही क्रियापद शेवटीच. मुलांनी वर्तुळात बसून एकमेकांचे वय विचारावे, घरात कोण कोण आहे ते सांगावे, सणाला काय रांधले त्याची चौकशी करावी. या ओळखीच्या खुणा बोलता बोलता सापडत जातात आणि भीती कमी होते.

व्याकरणाचे पुस्तक फेकून द्यावे, असे मी मुळीच म्हणत नाही. स्टीफन्स यांनीही व्याकरण लिहिलेच. म्हणणे क्रमापुरते आहे. वर्गाच्या पहिल्या अर्ध्या तासात मुलांना त्यांचे स्वतःचे काही बोलू द्यावे. मधेच अडवून चूक दाखवू नये. ती टिपून ठेवावी आणि शेवटी सर्वांची मिळून दुरुस्त करावी. घरी आईवडिलांनी 'किती पाने झाली?' असे न विचारता 'आज तू कोणाला काय विचारलंस?' असे विचारावे. आणि कोणी चुकले तर हसावे, पण त्याला नव्हे, त्याच्याबरोबर.

अम्माऊसच्या वाटेवरील प्रसंग आपण पुनरुत्थानाच्या काळात दरवर्षी ऐकतो. दोन शिष्य खिन्न मनाने चालले होते. प्रभू त्यांच्यासोबत चालू लागला, पण त्याने लगेच शास्त्राचा अर्थ सांगायला प्रारंभ केला नाही. आधी त्याने विचारले, की तुम्ही आपसात काय बोलत आहात. त्यांना त्यांच्या शब्दांत, त्यांच्या चुकीच्या समजुतींसह, सगळे बोलू दिले. शास्त्र त्यानंतर आले आणि म्हणूनच त्यांच्या अंतःकरणात पेटले. जो सर्व जाणत होता, त्याने आधी विचारले आणि ऐकले. आपल्या ओसरीवर, वर्गात, ख्रिस्तशिक्षणाच्या बाकावर बसलेल्या मुलांसाठी आपणही तेवढे थांबू या.